सौरज्वालेनंतरचा सूर्यडाग

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पाणीपुरवठा, पीककर्ज, शाळेची पटसंख्या हे रोजचे प्रश्न बाजूला ठेवून सूर्यावरच्या डागांचा विचार करावयास जमणे, ही वरकरणी चैनच वाटते. ती चैन का नाही, हे मी पुढे सांगणार आहे. आधी मूळ प्रश्न मांडतो. सूर्यावर डाग असतात. त्या डागांभोवती अतिशय प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते. त्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी झाली की सौरज्वाला भडकते. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्वाला भडकून शमल्यावर मागे उरलेल्या डागाचे काय होते? त्याचे चुंबकत्व घटते, बदलते, की होते तसेच राहते? प्रश्न साधा दिसतो. त्याचे खात्रीलायक उत्तर मिळावयास मात्र जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

या कथेची सुरुवात १ सप्टेंबर १८५९ या दिवशी होते. इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हे ज्योतिर्विद आपल्या खासगी वेधशाळेत दुर्बिणीने सूर्याचे प्रतिबिंब पडद्यावर पाडून डागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढीत होते. अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्या समूहावर दोन ठिकाणी डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश उमटला. तो सरकत सरकत फिका पडला आणि पाचएक मिनिटांत मावळला. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तो स्वतंत्रपणे पाहिला, म्हणून दृष्टिभ्रमाची शंका उरली नाही. सौरज्वालेचे हे पहिले नोंदलेले दर्शन होय.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. कॅरिंग्टन यांचे चित्र ज्वाला दिसण्यापूर्वीच पुरे झाले होते. प्रकाश मावळल्यावर त्यांनी ते चित्र आणि पडद्यावरचे डाग ताडून पाहिले. डागांच्या आकारात किंवा मांडणीत त्यांना काहीही फरक आढळला नाही. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, जे घडले ते डागांच्या पातळीवर घडलेले नसून सूर्यपृष्ठाच्या बऱ्याच वर घडले आहे. ज्वाला वर पेटते हे अनुमान आज पूर्णपणे मान्य झालेले आहे. डाग मात्र अबाधित राहतो की काय, हा भाग त्या काळच्या साधनांनी तपासता येण्याजोगा नव्हता. डोळ्यांना आकार दिसतो, चुंबकत्व दिसत नाही.

कुलाब्याची नोंद

त्या ज्वालेपाठोपाठ सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ थडकले. यूरोप-अमेरिकेत तारायंत्रांचे काम विस्कळीत झाले. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मापन चालू होते. तेथील निरीक्षक डोळ्यांनी वाचन करून हाताने आकडे लिहीत. वादळ जाणवू लागले की वाचनांमधले अंतर कमी करीत. २ सप्टेंबर १८५९ च्या त्या नोंदवहीत पृथ्वीच्या क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण लिहिलेली आहे. तेथील नेहमीच्या मूल्याच्या ती चार टक्क्यांच्या आसपास येते. आकडा लहान वाटेल. पण नेहमीची मोठी वादळे याच्या एक चतुर्थांशाच्या आतबाहेर असतात. या नोंदीचे आधुनिक पद्धतीने विश्लेषण २००३ साली प्रसिद्ध झाले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्यात वाटा होता. आज जगभर या वादळाची तीव्रता सांगताना कुलाब्याच्या आकड्यांचा आधार घेतला जातो.

ओघात आले म्हणून सांगतो. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर कुलाब्याचे सूक्ष्म मापन बिघडणार, हे उघड होते. म्हणून १९०४ साली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली, आणि दोन्ही ठिकाणांची वाचने जुळतात की नाही हे पाहण्यासाठी १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मापन करण्यात आले. कार्यालय हलविताना जुने दप्तर आणि नवे दप्तर यांचा मेळ घालण्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

डाग म्हणजे काय

सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो त्यास दीप्तिगोल म्हणतात. त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते. डागाच्या मध्यभागी ते ३,५०० ते ४,००० अंशांपर्यंत उतरलेले असते. डाग काळा दिसतो तो केवळ भोवतालच्या झगझगाटाच्या तुलनेने. तोच डाग वेगळा काढून रात्रीच्या आकाशात टांगता आला असता, तर तो प्रखर प्रकाशाने तळपला असता. मधला गडद भाग म्हणजे प्रच्छाया आणि तिच्या सभोवतालची, बारीक तंतूंची बनलेली फिकट झालर म्हणजे उपच्छाया. या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हा शोध जॉन एव्हरशेड यांनी १९०९ साली आपल्या कोडाईकनाल वेधशाळेत लावला. जगभरच्या ग्रंथांत तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ही झालर आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

डाग थंड का असतो, या प्रश्नाची किल्ली जॉर्ज एलरी हेल यांना १९०८ साली कॅलिफोर्नियातील माऊंट विल्सन येथे मिळाली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातील रेषा दुभंगतात, हे झीमन यांनी १८९६ साली प्रयोगशाळेत दाखविले होते. हेल यांना तशाच दुभंगलेल्या रेषा सूर्यडागांच्या प्रकाशात आढळल्या. रेषा किती फाकल्या यावरून क्षेत्राची शक्ती काढता येते आणि प्रकाशाच्या ध्रुवणावरून त्याची दिशा. मोठ्या डागात हे क्षेत्र ३,००० गौसच्या घरात जाते. आपल्या पायाखालच्या पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गौसहूनही थोडे कमीच भरते. एवढ्या प्रबळ क्षेत्रापुढे खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे उकळणे थोपते, उष्णता पुरेशी वर पोचत नाही आणि तो भाग निवतो. म्हणजे डाग हा मुळात चुंबकत्वाचाच ठसा आहे.

शाळेत कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक लावला की कमानीसारख्या रेषा उमटतात. सूर्यडाग बहुधा जोडीने वा समूहाने येतात. काहींची ध्रुवता उत्तर, काहींची दक्षिण. एका डागातून बाहेर पडलेल्या बलरेषा कमानीसारख्या वर चढून दुसऱ्या ध्रुवतेच्या डागात उतरतात. या कमानी सूर्याच्या विरळ, दहा लाख अंशांहून अधिक तप्त अशा बाह्य वातावरणात, म्हणजे किरीटात, हजारो किलोमीटर उंच गेलेल्या असतात. सूर्यावरचा वायू विद्युद्भारित असतो. त्यास प्लाझ्मा म्हणतात. तो आणि बलरेषा एकमेकांस बांधल्यासारख्या वागतात. पृष्ठभागावरचा दाट प्लाझ्मा सरकला, फिरला की कमानींचे पाय ओढले जातात आणि वरच्या कमानींना पीळ बसतो.

झोपाळ्यावर बसलेले मूल पाय टेकवून स्वतःभोवती गिरक्या घेते, तेव्हा दोऱ्यांना असाच पीळ पडतो. पीळ वाढेल तशी दोरी आखडते आणि तिच्यात ऊर्जा साठते. सूर्यावर ही साठवण काही तास ते काही दिवस चालते. पुढे मात्र झोपाळ्याची उपमा सोडावी लागते. सूर्यावरची दोरी सावकाश उलगडत नाही. परस्परविरुद्ध दिशांच्या बलरेषा जेथे एकमेकींस भिडतात तेथे त्या तुटतात आणि वेगळ्याच जोडीदाराशी जुळतात. या क्रियेस चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. नव्या जोडणीत ताण कमी असतो. जुन्या आणि नव्या स्थितींमधील फरकाची ऊर्जा उष्णता, वेगवान इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण यांच्या रूपाने बाहेर पडते. वायू एक ते दोन कोटी अंशांपर्यंत तापतो. फार मोठ्या ज्वालेत ही ऊर्जा १ वर २५ शून्ये इतक्या ज्यूलपर्यंत जाते. आज सारे जग ज्या दराने ऊर्जा वापरते त्या दराने ती दहा हजार वर्षांहून अधिक पुरली असती. क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून ज्वालांचे ए, बी, सी, एम आणि एक्स असे वर्ग पाडतात. प्रत्येक वर्ग मागच्यापेक्षा दहापट प्रबळ, आणि एक्स हा सर्वांत वरचा.

ही ऊर्जा खरोखरच चुंबकीय क्षेत्रातून येते, हे बराच काळ अनुमानानेच मानले जात होते. किरीटातील क्षेत्र थेट मोजणे फार अवघड. १० सप्टेंबर २०१७ रोजी एक प्रचंड ज्वाला सूर्यबिंबाच्या कडेवर भडकली, तेव्हा कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅली येथील रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने तिचे वेध घेतले. पुनर्जोडणीच्या जागी क्षेत्र दर सेकंदास सुमारे ५ गौस या गतीने घटत होते, आणि ही घट दोनेक मिनिटे टिकली, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसून आले. तेवढ्या घटीतून ज्वालेचा सारा खर्च भागतो. वरच्या मजल्यावर काय होते, हे अशा रीतीने स्पष्ट झाले.

खालच्या मजल्यावर काय होते

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्वाला पेटते किरीटात. डाग असतो दीप्तिगोलात. किरीटातील वायू दीप्तिगोलातील वायूपेक्षा कोट्यवधी पटींनी विरळ असतो. इतक्या विरळ वायूतल्या घडामोडींनी खालचा दाट थर हलावा, हे वाऱ्याच्या झुळुकीने धरणाची भिंत हलावी इतके अशक्य वाटत होते. डाग हे कारण, ज्वाला हे कार्य. आणि कार्याने उलट कारणावर परिणाम करू नये, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. ज्वालेच्या वेळी खालचे चुंबकत्व बदलल्याचे वृत्तान्त अधूनमधून येत. पण एकाचे मापन दुसऱ्याच्या मापनाशी जुळत नसे.

१९८० च्या सुमारास तर मोठाच घोटाळा निर्माण झाला. काही ज्वालांच्या वेळी डागाजवळच्या छोट्या भागात ध्रुवता चक्क उलटी झालेली यंत्राने दाखविली. उत्तरेच्या जागी दक्षिण. आणि काही मिनिटांनी पुन्हा पूर्ववत. खोलात गेल्यावर कळले की येथे चुंबकत्व उलटले नव्हते, यंत्राची समजूत उलटली होती. सूर्याच्या वर्णपटात लोहाची रेषा एरवी काळी असते, आणि यंत्राचे गणित ती काळी आहे असे धरूनच बसविलेले असते. ज्वालेच्या तडाख्यात तीच रेषा काही क्षण उजळते. काळ्याच्या जागी उजळ रेषा आली की गणिताचे उत्तर चिन्ह बदलून बाहेर पडते. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच होय. आकडा खोटा नसतो आणि यंत्रही बिघडलेले नसते. तरीही निष्कर्ष चुकू शकतो, कारण आकडा ज्या गृहीतावर उभा असतो ते गृहीतच नेमक्या त्या घटकेला लागू राहिलेले नसते.

यातून सुटण्याचा मार्ग एकच होता. ज्वालेच्या आधी अनेक तास आणि नंतर अनेक तास, खंड न पडता, मिनिटामिनिटाला मापन करणे. ज्वालेबरोबर आला आणि ज्वालेबरोबर गेला तो बदल संशयास्पद. ज्वाला विझल्यानंतरही टिकून राहिला तो खरा. पण कोणत्याही एका गावी सूर्य रात्री मावळतो. १९९५ पासून सहा ठिकाणी एकसारखी उपकरणे बसवून ही अडचण दूर करण्यात आली : कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, कॅनरी बेटे, चिली आणि आपल्या देशात उदयपूर. फतेहसागर तलावातील उदयपूरची सौर वेधशाळा या साखळीतील आशियाची कडी आहे. आपल्याकडे दिवस आणि अमेरिकेत रात्र असते तेव्हा तिच्या नोंदी साखळीतील खंड भरून काढतात.

या साखळीच्या नोंदी घेऊन जेफ्री सुडोल आणि जॅक हार्वे यांनी एक्स वर्गाच्या पंधरा ज्वाला तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. पंधराही प्रसंगी डागांच्या प्रदेशात निदान एका जागी तरी चुंबकीय क्षेत्र ज्वालेच्या वेळी झटकन बदलले होते, बहुधा दहा मिनिटांच्या आत. आणि मग ते मागे फिरले नव्हते. बदलाचे मध्यक मूल्य ९० गौस होते. डागाच्या एकंदर क्षेत्राच्या मानाने हे थोडे आहे, परंतु मापनातील चुकीच्या मर्यादेपलीकडचे निश्चित आहे. कॅरिंग्टन यांच्या चित्राने जो प्रश्न अर्धवट सोडला होता त्याचे उत्तर १४६ वर्षांनी मिळाले. ज्वाला डागाच्या चुंबकत्वावर आपली खूण ठेवून जाते.

खूण कोणत्या प्रकारची? उदयपूरच्या साखळीतील उपकरणे क्षेत्राचा फक्त आपल्या दृष्टिरेषेतील भाग मोजीत. संपूर्ण दिशा त्यांस कळत नसे. मात्र ह्यू हडसन, जॉर्ज फिशर आणि ब्रायन वेल्श यांनी २००८ साली एक तर्क मांडून ठेवला होता. किरीटातील कमानी साठलेल्या ऊर्जेच्या बळावर फुगून उभ्या असतात. ती ऊर्जा गेली की काही भाग आक्रसून खाली बसलाच पाहिजे, आणि त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या बलरेषा अधिक आडव्या झाल्या पाहिजेत. लग्नाच्या मांडवाचे कापड वरून ताणून धरलेले असते. वरचा ताण सुटला की मधले कापड खाली येऊन पसरते. तर्काचा गाभा एवढाच.

फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेने सौर गतिकी वेधशाळा हा उपग्रह सोडला. त्यावरील उपकरण क्षेत्राची शक्ती आणि दिशा दोन्ही मोजते. पुढच्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २०११ रोजी, त्या सौरचक्रातील पहिली एक्स वर्गाची ज्वाला भडकली. डागसमूहात उत्तर व दक्षिण ध्रुवता जेथे एकमेकींस भिडल्या होत्या त्या सीमारेषेवर आडवे क्षेत्र ज्वालेनंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले आढळले. ते वाढलेलेच राहिले. तर्क खरा ठरला. त्यानंतर इतर अनेक ज्वालांमध्ये हेच दिसून आले आहे.

आता मघाची झालर आठवावी. उपच्छायेचे तंतू टिकतात ते तिरप्या, जवळजवळ आडव्या बलरेषांच्या आधाराने. ज्वालेनंतर समूहाच्या मध्यावर रेषा आडव्या होतात, तर बाहेरच्या कडेला त्या उलट अधिक उभ्या होतात. म्हणून बाहेरची झालर काही ठिकाणी फिकी पडते, विरून जाते, आणि मधला भाग पूर्वीपेक्षा गडद होतो. चांगल्या दुर्बिणीने घेतलेल्या ज्वालेपूर्वीच्या आणि ज्वालेनंतरच्या छायाचित्रांत हा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. कॅरिंग्टन यांना फरक दिसला नाही याचे नवल नाही. हाताने काढलेल्या चित्रात तो सापडण्याइतका ठळक नसतो.

याहून चमत्कारिक प्रकार २२ जून २०१५ रोजी दिसला. डाग स्वतःभोवती फिरतात आणि त्यामुळे वरच्या कमानींना पीळ बसतो, हे ठाऊक होते. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथील १.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने उलटा व्यवहार टिपला. ज्वालेचा प्रकाशमान पट्टा एका डागावरून सरकत गेला आणि तो पट्टा जेथे जेथे पोचला तेथला डागाचा भाग गिरकी घेऊ लागला. काही भागांची गती तासाला सुमारे ५० अंशांपर्यंत गेली. सगळा डाग एकाच वेळी फिरला नाही. पट्टा पुढे जाईल तसतसा एकेक भाग फिरला. त्यापूर्वी ९ जुलै १९९६ च्या ज्वालेनंतर तर सूर्यपृष्ठावर वर्तुळाकार लाटा पसरताना दिसल्या होत्या, विहिरीत दगड टाकल्यावर पसरतात तशा. सूर्यकंपाचे ते पहिले दर्शन. विरळ वायू दाट थरास हलवू शकत नाही, या समजुतीत वायूचे वजन धरले होते. चुंबकीय बल धरले नव्हते. हलविणारा हात चुंबकाचा आहे.

याचा आपल्याशी संबंध

सूर्यज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात आणि दिवसा असलेल्या बाजूवर लघुलहरींच्या रेडिओ संदेशवहनात अडथळा आणतात. ज्वालेबरोबर चुंबकित प्लाझ्माचा मेघ सुटला असेल तर तो पंधराएक तास ते तीन-चार दिवसांत पोचतो. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास बंद पाडली. साठ लाख लोक अंधारात राहिले. १० व ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हान्ले येथून क्षितिजावर तांबूस ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र घेता आले. त्याच वेळी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात पेरणीचा हंगाम होता. उपग्रहांच्या संकेतांवर सरळ ओळीत चालणारी पेरणीयंत्रे भरकटू लागल्याने तेथील कित्येक शेतकऱ्यांना काम थांबवावे लागले. आपल्याकडेही जमिनीची मोजणी, नौकानयन, विमानवाहतूक आणि वीजवहनाचे नियंत्रण उपग्रहांच्या संकेतांवर उत्तरोत्तर अवलंबून राहू लागले आहे. सौरवादळाने माणसाच्या शरीरास जमिनीवर अपाय होत नाही. रात्री दूरध्वनी बंद करून उशापासून दूर ठेवा असे जे निरोप फिरतात ते निराधार असतात, हे गावात कोणी विचारले तर अवश्य सांगावे.

वादळाची सूचना आधी द्यावयाची तर कोणता डाग पेटणार आणि पेटलेला डाग पुन्हा पेटेल काय, हे सांगता आले पाहिजे. ज्वाला होऊन गेली म्हणजे डाग रिकामा झाला, असे समजता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ज्वालेत खर्च होते ते साठलेले व्याज. मुद्दल, म्हणजे डागाचे मूळ चुंबकत्व, बहुतांशी शिल्लक राहते. खालून नवे चुंबकीय क्षेत्र वर येत राहिले आणि डाग सरकत-फिरत राहिले, की व्याज पुन्हा साठू लागते. मे २०२४ च्या वादळास कारण झालेला डागसमूह त्यानंतरही थांबला नाही. १४ मे रोजी त्याने त्याहून प्रबळ ज्वाला सोडली, आणि सूर्याच्या मागल्या बाजूस जाऊन पुन्हा समोर आल्यावरही तो पेटतच राहिला.

आकारावरूनही भरवसा देता येत नाही. ऑक्टोबर २०१४ मधील डागसमूह १९९० नंतरचा सर्वांत मोठा होता. त्यात एक्स वर्गाच्या सहा ज्वाला झाल्या; पण पृथ्वीला त्रास देईल असा मोठा मेघ एकाही ज्वालेबरोबर सुटला नाही. वरच्या कमानींनी तो दाबून धरला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून नुसते डाग मोजून भागत नाही. ज्वालेपूर्वी पीळ किती होता, ज्वालेनंतर किती उरला, रेषा कोठे आडव्या झाल्या आणि कोठे तशाच राहिल्या, याचा हिशेब ठेवावा लागतो. खालच्या थरावर राहिलेली खूण हे वर किती खर्च झाला ते सांगणारे जणू पावतीपुस्तकच आहे. ते अजून पुरते वाचता येत नाही. ज्वालेची शक्यता टक्केवारीत सांगता येते. तिची घटिका सांगता येत नाही.

या कामात आता आपलाही सहभाग आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या कक्षेत स्थिर झाले. तेथून त्यास सूर्य अखंड दिसतो. ग्रहण नाही की रात्र नाही. त्यावरील जंबुपार किरणांची दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. दीप्तिगोल आणि त्याच्या वरचा वर्णगोल, म्हणजे वर घडलेल्या घटनेचा धक्का ज्या थरांतून खाली उतरतो नेमके तेच थर, ती न्याहाळते. २२ फेब्रुवारी २०२४ च्या एक्स वर्गाच्या प्रबळ ज्वालेचे वेध तिने घेतले आहेत. यानावरील चुंबकमापक समोरून येणाऱ्या मेघातील क्षेत्र पृथ्वीच्या आधी मोजतो.

शिक्षकबंधूंनी मघाशी चहाच्या वेळी विचारले की, शाळेत यातले काय दाखविता येईल. चुंबकत्व दाखविता येणार नाही. डाग दाखविता येतील. लहान दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवावी आणि सूर्याचे प्रतिबिंब मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडावे. दुर्बिणीतून सूर्याकडे कोणी क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जातो. काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणाची जुनी फिल्म यांवरही विसंबू नये. पुठ्ठ्यावर कागद लावून त्यावर आधीच सहा इंच व्यासाचे वर्तुळ आखून ठेवावे, प्रतिबिंब त्यात बसवावे आणि दिसतील ते डाग पेन्सिलीने टिपावेत. रोज ठरलेल्या वेळी असे केले तर आठवडाभरात डाग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकताना दिसतात. एखादा मोठा डाग मावळून पंधरवड्याने परतही येतो. एखाद्या डागाची झालर कालच्यापेक्षा एका बाजूस विरळ दिसली तर तेही कागदावर लिहावे, आणि त्याखाली तारीख, तास व मिनिट नोंदवावे.